बोची गेले, कॅपलर आले, तेही गेले: जायंट्समध्ये नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बे एरियात राहतो, 2012 पासून बेसबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स बघतो. ब्रूस बोचींनी तीन वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या. ते गेल्यावर आकडेवारीवाले गेब कॅपलर आले, 2021 मध्ये 107 सामने जिंकले, आणि दोनच वर्षांत त्यांना काढलं. त्याच 2023 साली बोचींनी टेक्सासला वर्ल्ड सिरीज मिळवून दिली. मग खरं काय, आकडे की अनुभवाचा अंदाज? आणि माझ्या 11 वर्षांच्या मुलाच्या टीमचे कोचही आता सगळं आकड्यांवर चालवू म्हणतात. कितपत ऐकावं?"

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बदल एकत्र आले आहेत. मॅनेजर बदलणं हा एक आणि क्लबची विचार करण्याची पद्धत बदलणं हा दुसरा. जायंट्समध्ये दुसरा बदल आधी झाला. खेळाडू निवडणाऱ्या ऑफिसचे प्रमुख म्हणून फरहान झैदी नोव्हेंबर 2018 मध्ये आले. ओकलंड आणि मग डॉजर्स अशी त्यांची वाटचाल, बर्कलीची अर्थशास्त्रातली पीएचडी. बोचींनी फेब्रुवारी 2019 मध्ये सांगून टाकलं की हा माझा इथला शेवटचा सीझन, आणि तो अख्खा सीझन ते झैदींच्या हाताखालीच मॅनेजर होते. माइक यास्त्रेम्स्की ओरिओल्सकडून मार्च 2019 मध्ये आला आणि त्याने 21 होमरन मारले, तेही बोचींच्याच लाइनअपमध्ये. कॅपलर त्या नोव्हेंबरमध्ये आले तेव्हा ऑफिस वर्षभर आधीच बदललेलं होतं.

क्रिकेट बघून बेसबॉलकडे आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे कोणाला ओव्हर द्यायची हे मैदानातला कॅप्टन ठरवतो, म्हणून "मॅनेजर म्हणजे कॅप्टन" असं डोक्यात बसतं. पण आजच्या मॅनेजरच्या हातात 26 जण येतात ते ऑफिसने निवडलेले. त्याच्याकडे उरतं ते त्यांना कधी, कोणासमोर वापरायचं एवढं. ते किती महत्त्वाचं ठरेल हे बेंचवर कोण आहे, त्या वर्षीचे नियम काय आहेत आणि बुलपेन (नंतर येणाऱ्या राखीव पिचर्सचा ताफा आणि त्यांची गरम होण्याची जागा) किती थकलेलं आहे यावर अवलंबून असतं.

आता मुख्य गोष्ट. आकडेवारी आली की निर्णय घेण्याची वेळ बदलते. जो निर्णय पूर्वी सातव्या इनिंगमध्ये, 40 हजार लोकांच्या गोंगाटात व्हायचा, तो दुपारी दोन वाजता टेबलावर होतो. संध्याकाळी मॅनेजरने दोनच गोष्टी करायच्या: ठरवलेलं पाळायचं, किंवा नेमक्या कशामुळे मोडायचं ते ओळखायचं.

दुपारी काय होतं ते सांगतो. समोरच्या टीमच्या नऊ बॅटर्सची यादी घेऊन तिचे दोन-तीन तुकडे पाडले जातात. 2020 पासून रिलीव्हरला (सुरुवातीच्या पिचरच्या जागी येणाऱ्याला) किमान तीन बॅटर खेळावेच लागतात किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एकेका बॅटरचा विचार करून भागत नाही. दोन डावखुऱ्यांच्या मध्ये एक तगडा उजवा असेल तर डावरा रिलीव्हर त्या तिघांसमोर परवडतो का, हे तपासावं लागतं. मग आपल्या रिलीव्हर्सची यादी: काल कोणी टाकलं, किती पिचेस (टाकलेले चेंडू), सलग कितवा दिवस. शिवाय काल बुलपेनमध्ये उठून गरम होऊन परत कोण बसला, हेही. ही शेवटची नोंद बॉक्स-स्कोअरमध्ये दिसत नाही, पण त्या माणसाच्या खांद्यात दिसते. यानंतर कोणाचा स्लायडर (वळणारा चेंडू) कोणाच्या स्विंगला त्रास देतो ते जोडायचं. शेवटी एका कागदावर शर्ती उतरतात: सहाव्यात बरोबरी आणि दोन-तीन-चार नंबरचे बॅटर येत असतील तर हा, पुढे असू तर तो.

कागदावरच, कारण लीगने दिलेल्या टॅब्लेटपलीकडे डगआउटमध्ये (टीम बसते तिथे) मोबाइल-कॉम्प्युटर चालत नाही. कॅपलर फिलाडेल्फियात असताना, सप्टेंबर 2018 मध्ये, अंपायर जो वेस्ट यांनी पिचर ऑस्टिन डेव्हिसच्या खिशातलं असंच कार्ड काढून घेतलं होतं. नंतर लीगने कार्डाला परवानगी दिली. इतकी साधी वस्तू आहे ती.

सगळ्यात जास्त वाद स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) कधी काढायचं यावर होतात. त्यामागचा हिशेब बघा. डब्ल्यूओबीए हा बॅटिंगचा एक आकडा आहे. वॉक, सिंगल, डबल, होमरन यांना त्यांच्या धावांच्या मोलाप्रमाणे वजन देऊन तो काढतात आणि लीगची सरासरी 0.320 च्या आसपास असते. तेच बॅटर त्याच पिचरसमोर दुसऱ्यांदा आले की तो साधारण 0.010 ने वाढतो, तिसऱ्यांदा आले की आणखी तेवढाच. काही थकवा, काही ओळख. पण 0.010 म्हणजे एका बॅटरमागे धावेचा शंभरावा हिस्सादेखील नाही. म्हणजे "तिसरी फेरी आली, काढा" हा नियम एकटा फारसा काही सांगत नाही. त्याच्या जागी येणारा तेवढ्यापुरता तरी चांगला आहे का, हा अर्धा प्रश्न तसाच राहतो.

कॅपलर नेमके इथे अडकले होते. 29 मार्च 2018, फिलाडेल्फिया फिलीजचे मॅनेजर म्हणून पहिलाच सामना, अटलांटात. त्यांचा पिचर एरन नोला 5-0 पुढे, फक्त 68 पिचेस झालेले. सहाव्यात एक आउट असताना त्याला काढलं. बुलपेनने आघाडी घालवली आणि फिलीज 8-5 ने हरले. तिसऱ्या फेरीचा तर्क चुकीचा नव्हता. पण तिथून 11 आउट बुलपेनला काढायचे होते, आणि सीझनच्या पहिल्याच दिवशी इतक्या रिलीव्हर्सना वापरलं की पुढचे दोन दिवस त्याची किंमत द्यावी लागते. 31 मार्चला तर होबी मिल्नरला बुलपेनमध्ये गरम न होताच माउंडवर बोलावलं गेलं. तो सामना 15-2 ने गेला. यात आकडेवारीचा काही दोष नाही. फोन उचलून "त्याला उठवा" असं वेळेत सांगणं, ही सगळ्यात जुनी गोष्ट राहून गेली. नवी पद्धत आणणाऱ्यांकडून ही चूक फार वेळा होते: कागद उत्तम, आणि कागदापासून बुलपेनपर्यंतचा निरोप कच्चा.

दुसरं प्रसिद्ध उदाहरण 2020 च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. पिचर ब्लेक स्नेल 73 पिचेस, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट. टॅम्पा बे रेजचे मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला सहाव्यात काढलं, निक अँडरसन आला, मूकी बेट्सने डबल मारला आणि रेज 3-1 ने हरले. लोक स्नेलबद्दल हळहळतात. माझ्या मते चर्चा अँडरसनची व्हायला हवी होती. त्या पोस्टसीझनमध्ये तो सामन्यामागून सामन्यात धावा देत होता. सीझनभराचे त्याचे आकडे अप्रतिम होते, पण दमलेल्या हाताला सीझनचे आकडे लागू होत नाहीत. कागदावर सरासरी असते. आज चेंडूचा वेग किती पडलाय, रिलीज पॉइंट हललाय का, हे त्या रात्रीच बघावं लागतं, आणि ते बघणारा पिचिंग कोच हाही माहितीचाच स्रोत आहे. तुम्ही ज्याला "अंदाज" म्हणता त्यातला बराच भाग म्हणजे असं निरीक्षण, फक्त आकड्यात न मांडलेलं.

आणि हेच कॅपलर 2021 मध्ये डॉजर्सविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात लोगन वेबला सात इनिंग ठेवून होते. नोलाला 68 वर काढणारा माणूस! वेबचा सिंकर आणि चेंजअप जमिनीवर चेंडू काढून देत होते, समोरचे बॅटर तिसऱ्यांदा येऊनही जुळवून घेत नव्हते. जायंट्स नवव्यात 2-1 ने हरले, पण वेबला ठेवण्याचा निर्णय बरोबरच होता.

2021 च्या यशाची गुरुकिल्ली म्हणून पिंच-हिटिंगचं (सामन्यात बॅटर काढून बेंचवरचा दुसरा आणण्याचं) नाव घेतलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. त्या वर्षी जायंट्सच्या पिंच-हिटर्सनी 18 होमरन मारले, हा लीगचा विक्रम. पण याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण पुढच्या वर्षीचं उत्तर त्यातच आहे. उजव्या पिचरसमोर डावरा बॅटर आणला की डब्ल्यूओबीए साधारण 0.030 ने सुधारतो असं धरू. एका बॅटिंगमागे धावेचा चाळिसावा हिस्सा. सीझनमध्ये 500 वेळा केलं तर 12-13 धावा, म्हणजे एखादा जास्तीचा विजय. पण बेंचवर थंड बसलेला माणूस उठून बॅटिंगला येतो तेव्हा त्याचा स्वतःचा आकडा 0.020 ते 0.025 ने घसरतो. म्हणजे एका धड बॅटरच्या जागी दुसरा धड बॅटर आणून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. खरी कमाई होते ती पिचरच्या जागी बॅटर आणल्यावर. 2021 मध्ये नॅशनल लीगमध्ये पिचर स्वतः बॅटिंग करत होते आणि त्यांची सरासरी 0.110 च्या आसपास होती (म्हणजे शंभर चान्समध्ये 11 हिट). रोज दोनतीनदा ती जागा येई आणि जायंट्सकडे ती भरायला सगळ्यात खोल बेंच होतं. 2022 पासून डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) दोन्ही लीगना कायमचा लागू झाला आणि ती जागाच गेली. जायंट्सना ज्या गोष्टीत इतरांपेक्षा सर्वात जास्त फायदा होता, ती एका नियमाने पुसली गेली. मॅनेजर तोच, कागद तोच.

बंटचं थोडक्यात. बंट म्हणजे चेंडू हलकाच समोर टाकून, स्वतः आउट होऊन रनरला पुढच्या बेसवर नेणं. शून्य आउट, पहिल्या बेसवर रनर: इनिंगमध्ये सरासरी 0.86 च्या आसपास धावा होतात. बंट करून एक आउट, दुसऱ्या बेसवर रनर: सुमारे 0.66. एक तरी धाव होण्याची शक्यताही किंचित कमीच होते. म्हणून बंट नाहीसा झाला, भावनेचा त्यात प्रश्न नाही. अपवाद एक्स्ट्रा इनिंगचा. तिथे रनर दुसऱ्या बेसवरच उभा असतो आणि घरच्या टीमला बरोबरीत एकच धाव पुरते, तेव्हा बंट करून त्याला तिसऱ्यावर नेणं हिशेबात बसतं. पाहुण्या टीमने ते करू नये. एका धावेवर भागेल की नाही हे तिला तेव्हा माहीतच नसतं.

आता कुरबुरींबद्दल, कारण अशा टीम बहुधा तिथे मोडतात. लाइनअपमध्ये रोज अदलाबदल, स्टार्टरच्या आधी एका इनिंगसाठी ओपनर, चौथ्या इनिंगला बॅटर बदलणं. टीमच्या हिशेबात प्रत्येकाचा लहानसा फायदा आहे. खेळाडूच्या हिशेबात मात्र ते पैसे आहेत. साधारण तीन वर्षं खेळल्यावर पुढची काही वर्षं पगार आर्बिट्रेशनने (एकमत नसेल तर त्रयस्थ लवादापुढे) ठरतो आणि तिथे अजूनही होमरन, आरबीआय, इनिंग्ज, सेव्ह असे मोजून दाखवता येणारे आकडे चालतात. उजव्या पिचरसमोरच खेळणाऱ्याचे 350 चान्स होतात, रोज खेळणाऱ्याचे 600. ओपनरनंतर येणाऱ्या पिचरचे स्टार्ट कमी होतात. "टीमसाठी कर" म्हणताना त्याच्या खिशातून किती जाणार हे मॅनेजरला माहीत असायला हवं आणि ते तोंडावर मान्य करायला हवं. माझ्या मते बदलाच्या पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते. प्रत्येकाला आदल्या रात्री सांगायचं: उद्या तू कोणत्या परिस्थितीत खेळशील, आणि का. कारण सांगितलं की बेंचवरचा माणूस पाचव्या इनिंगपासून सरावाच्या पिंजऱ्यात जाऊन हात गरम करतो, आणि तो थंडपणाचा तोटा थोडा तरी कमी होतो. जायंट्सनी 2020 मध्ये 13 कोच घेतले (अलिसा नॅकन त्यातल्याच, मेजर लीगमधल्या पहिल्या पूर्णवेळ महिला कोच), तेव्हा लोक हसले होते. पण 26 जणांशी रोज इतकं बोलायला माणसं लागतात.

मग 2021 च्या 107 विजयांवरून 2022 मध्ये 81 कसे? थोडं नशीब आधी वजा करा. दोन सारख्या टीम 162 सामने खेळल्या तरी निव्वळ योगायोगाने विजयांचा आकडा सहा-सहा इकडेतिकडे होतो. 2021 मध्ये जायंट्सनी 804 धावा केल्या आणि 594 दिल्या. त्या फरकावरून साधारण 103 विजय निघतात. म्हणजे टीम खरोखर फार चांगली होती आणि वर चार विजय योगायोगाचे. मग माणसं बघा. बस्टर पोझीला ठरवून विश्रांती देत 113 सामने खेळवलं, त्याने 0.304 ने बॅटिंग केली आणि सीझन संपताच तो निवृत्त झाला. ब्रँडन बेल्टने 97 सामन्यांत 29 होमरन मारले होते. पुढच्या वर्षी गुडघ्याने त्याला बसवलं. ब्रँडन क्रॉफर्ड 24 होमरनवरून 9 वर आला. केव्हिन गॉसमन टोरोंटोला गेला. तेहतीस-चौतिशीतल्या तिघांचं एकाच वर्षी फुलणं ही चांगल्या तयारीची आणि नशिबाची एकत्र कमाई होती, ती पुन्हा मागून मिळत नाही.

त्यानंतरचे विजय ओळीने बघा: 2022 मध्ये 81, 2023 मध्ये 79, 2024 मध्ये 80, 2025 मध्ये 81. यात कॅपलर आहेत आणि जुन्या वळणाचे समजले जाणारे बॉब मेल्विन आहेत; ऑफिसात झैदी आहेत आणि त्यांच्या जागी आलेला पोझी आहे. या ओळीत मॅनेजर कुठे बदलला ते आकडे झाकून ओळखून दाखवा.

बोचींचा टेक्सासमधला विजय "अंदाजाचा विजय" म्हणून मांडतात तेव्हा मला थोडं हसू येतं. त्या रेंजर्सचे बेंच कोच डॉनी एकर होते. 2021 च्या जायंट्सच्या तीन हिटिंग कोचपैकी एक. कोरी सीगर आणि मार्कस सेमिएन यांच्यावर क्लबने मिळून 50 कोटी डॉलर बांधले होते. शिवाय बोची स्वतः कधी आकड्यांच्या विरुद्ध नव्हतेच. 2010 ते 2014 मध्ये डावऱ्या पिचर हाविएर लोपेझला एकेका डावऱ्या बॅटरसाठी आणायचे, तो प्लॅटूनचाच (डावरा-उजवा जोड्या जुळवण्याचा) हिशेब होता. 2014 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात मात्र दोनच दिवसांच्या विश्रांतीवर मॅडिसन बमगार्नरला पाच इनिंग टाकायला लावल्या. कोणत्याही कागदावर ते लिहिलेलं नसतं. त्याचेही पिचेस 68 च झाले होते, नोलाइतके! बोचींचं कौशल्य दुसऱ्या निर्णयात आहे, पण पहिला शेकडो वेळा बरोबर घेतल्यावरच दुसरा घ्यायचा हक्क येतो. कॅपलर यांना काढणं मला चूक वाटत नाही. तीन सामने शिल्लक असताना 78-81 आणि बेसबॉलमध्ये चेहरा मॅनेजरचाच असतो. फक्त त्यावरून पद्धतीचा निकाल लावू नका.

आता मुलाची टीम. वरचं जवळजवळ काहीही तिथे लागू होत नाही, कारण नमुना लहान आहे. 40 बॅटिंग केलेल्या मुलाची सरासरी 0.300 असेल तर खरी क्षमता 0.230 असू शकते किंवा 0.370. त्यावरून लाइनअप ठरवणारा कोच आकडेवारी वापरत नाही, फासे टाकतो. "अमक्या पिचरसमोर याने पाचपैकी तीन मारले" हेही तसंच, आणि ते मेजर लीगमध्येही तसंच.

एक आकडा मात्र काटेकोर पाळायला लावा: पिच-काउंट. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या मार्गदर्शनानुसार 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त 85 पिचेस टाकायचे. 20 पर्यंत टाकले तर विश्रांतीची सक्ती नाही, 21 ते 35 ला एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, 66 च्या वर चार. तो दोन टीममधून खेळत असेल तर दोन्हीकडचे पिचेस एकाच वहीत लिहा, कारण दुसऱ्या कोचकडे पहिल्याची नोंद नसते आणि बेरीज करणारं घरच्यांशिवाय कोणी नसतं. पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी त्याला कॅचर म्हणून उभा करत असतील तर थांबवा, तेही हातावरचंच ओझं आहे. याशिवाय कोचला काही मोजायचंच असेल तर पहिला पिच स्ट्राइक पडला का एवढं मोजू द्या. एका सामन्यात त्याची 20-25 उदाहरणं मिळतात, मुलाला ते समजतं, आणि सरावात त्यावर काम करता येतं.